पाहुणे जेवले की नाही

हौशीराम केदारी आयुष्यभर सहलीवरच जेवला. तो रेल्वेत गँगमन होता. घाटातले रूळ सांभाळायचे, गिट्टी ओढायची, सरकलेला रूळ पहारीने जागेवर आणायचा. दुपार झाली की रुळाच्या कडेला फडकं सोडायचं. भाकरी, कांदा, खरडा. समोर दरी, मागे डोंगर, डोक्यावर ऊन, आणि जेवणारे सगळे उकिडवे. याला कोणी सहल म्हणत नव्हतं. ड्यूटी म्हणत.

निवृत्त झाल्यावर त्याने मळवलीत एका बंगल्याची राखण धरली. तेव्हा त्याला कळलं की उघड्यावर खाली बसून जेवायला लोक मुंबईहून गाडी काढून येतात. येताना खुर्च्या आणतात, त्या गाडीतच ठेवतात आणि गवतावर बसतात. गवत टोचतं म्हणून सतरंजी घालतात. सतरंजी फोटोत बरी दिसत नाही म्हणून तिच्यावर पांढरी चादर येते. चादर उडते म्हणून चारी कोपऱ्यांना दगड, आणि दगड मळके दिसतात म्हणून ते धुवायचे. हौशीरामने असे दगड धुतले होते. रेल्वेने त्याच्याकडून डोंगरभर दगड उचलून घेतले, पण धुवायला कधी लावले नाहीत.

कामाचं त्याचं माप सरळ होतं. उचललं तर काम, ढकललं तर काम, खणलं तर काम. बाकी सगळा वेळ घालवणं. कोणाशी हात मिळवला की तो समोरच्याच्या तळव्यावरून आपला अंगठा हळूच फिरवून घेई, आणि घरी आल्यावर बायकोला, बयाबाईला, निकाल सांगे. "लोनी हाय," म्हणजे माणूस बिनकामाचा. "खडी हाय," म्हणजे बरा.

या मापाने त्याची मुलगी कोमल काहीच काम करत नव्हती.

कोमल लोणावळ्याच्या एका हॉटेलात कामाला होती. स्वयंपाकघराच्या ज्या कोपऱ्यात शेगडी नसते, तिथे. फळं, भाज्या, कडधान्यं, त्यांच्यावर घालायचं आंबटगोड पाणी. चार उन्हाळे तिथे काढून तिने स्वतःचं सुरू केलं. बंगल्यांवर येणाऱ्या पार्ट्या फोनवर सांगत आणि ती त्यांना पिकनिकची टोपली भरून देई. काचेच्या बरण्यांत थर लावलेलं सॅलड, वर पुदिन्याचं पान, झाकणाला सुतळीची गाठ. गाठही तिची ती मारी. शनिवार-रविवार तिला पाणी प्यायला उसंत नसे.

हौशीरामचं मत ठरलेलं होतं. "चिरलं आन मिसळलं. गाईला घालतो त्येच. फकस्त बरनीत."

बयाबाई हसायची. कोमल हसायची नाही. एकदाच तिने उत्तर दिलं होतं.

"गाय परत ऑर्डर देत नाही, आबा."

त्यानंतर गाईचा विषय त्याने काढला नाही. चिरलं आणि मिसळलं एवढं मात्र चालू ठेवलं.

कोमलसाठी स्थळं येत होती. येत, पोहे खात, चहा पीत, "कळवतो" म्हणत आणि कळवत नसत. केदारींच्या भावकीत आणि आजूबाजूच्या घरांत एक रीत होती. मुलगी बघायला आलेल्यांनी चहा-पोहे घ्यावेत, जेवू नये. जेवणाला बसले म्हणजे मुलगी पसंत. मग सुपारी कधी फोडायची एवढंच विचारायचं उरे. त्यामुळे मुलाकडचे कितीही भुकेले असले तरी आतून भाताचा वास आला की घाईघाईने उठत. बयाबाई प्रत्येक वेळी मुद्दाम भात लावून ठेवी. आजवर त्याचा उपयोग झाला नव्हता.

या वेळचं स्थळ तळेगावचं होतं. गराडे. आणलं होतं हौशीरामच्या चुलतभावाने, महिपतीने. महिपती वडगावला राहायचा आणि लग्नं जुळवायचा. मुलगा सत्यम कारखान्यात लाइनवर कायम नोकरीला. बाप कैलास एका ऑफिसातून मोठ्या बाबूच्या जागेवरून निवृत्त झालेला. राहायला सोसायटीत, लिफ्ट असलेल्या. हौशीरामने महिपतीला एकच चौकशी करायला सांगितली होती. महिपती करून आला आणि म्हणाला, "पोराच्या हातावर घट्टं हायेत. मी सोता बगितले." हौशीरामने मनात लग्न तिथंच लावून टाकलं.

निरोप मात्र आला की गुरुवारी येऊ, फक्त चहा घेऊ. म्हणजे मन अजून कुंपणावर होतं.

बयाबाई पोह्यांची तयारी करू लागली तेव्हा कोमल म्हणाली, पोहे नाहीत. मी जे विकते तेच मांडणार. घरातही नाही, पत्रा तापलेला असतो. शेताच्या कडेच्या करंजाखाली. बयाबाई म्हणाली, पाहुण्यांना कच्चं कसं वाढायचं, लोक शेण घालतील तोंडात. कोमल ऐकेना.

"मी काय करते ते त्यांनी बघू दे," ती म्हणाली. "नंतर नको म्हणण्यापेक्षा आधीच नको म्हणू दे."

हौशीरामला हे वेडेपण वाटलं. असली मुलगी नांदायला जायची कशी, या काळजीने त्याची झोप उडाली. पण पोरीच्या बोलण्यात रुळासारखी सरळ रेघ होती आणि सरळ रेघेपुढे तो आयुष्यभर वाकलेला होता.

गुरुवारी उजाडताच कोमलने त्याला कामशेतला पिटाळलं, बर्फ आणायला. पोत्यात गुंडाळलेली अर्धी लादी शेजाऱ्याच्या स्कूटरवर पायांशी. मळवलीला पोचेपर्यंत त्याचे पाय गुडघ्यापर्यंत बधिर झाले. मे महिन्यात थंडी वाजते म्हणून सांगावं तर ऐकणार कोण. घरी आल्यावर लादी फोडायची. पहारीने फोडली तर कोमल म्हणाली, तुकडे लहान हवेत. लहान केले तर म्हणाली, इतके लहान वितळतील. गिट्टीलाही माप असतं हे त्याला माहीत होतं. पण गिट्टी बिचारी वितळत नाही, म्हणून साहेबाचा आरडाओरडा सोसवतो.

मग टेबल. टेबल म्हणजे भाताच्या पोत्यांखालची जाड सागवानी फळी. पोती उतरवायची, फळी घासायची, धुवायची, खांद्यावर घेऊन करंजाखाली न्यायची आणि विटांवर ठेवायची. ठेवल्यावर बयाबाईने तिच्यावर चादर घातली, कोमलने काढली. लाकूड दिसू दे, म्हणाली. ती फळी दिसू नये म्हणूनच आजवर तिच्यावर पोती ठेवलेली होती, पण हे कोणाला सांगायचं.

करंज फुलला होता. खाली पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा सडा. हौशीरामने खराट्याने सगळं लख्ख झाडून काढलं आणि ढीग बांधावर नेऊन टाकला. कोमल आली, बघितलं, कपाळाला हात लावला. फुलं हवी होती. ती किती छान दिसत होती. मग हौशीरामने तो ढीग टोपलीत भरून परत आणला आणि झाडाखाली पसरला. पसरल्यावर ती म्हणाली, असं पेरल्यासारखं नको, आपोआप पडल्यासारखं दिसू दे. तेव्हा तो मूठमूठ फुलं घेऊन डोळे मिटून उधळू लागला. बांधावरून जाणाऱ्या एका गुराख्याने हे पाहिलं आणि काही न विचारता गुरं दुसरीकडे वळवली.

घरात वेगळीच झटापट. बयाबाई चिंच घेऊन पितळी ताटल्या घासत होती. कोमलने कलिंगडाच्या फोडी कापायला घेतल्या. सगळ्या सारख्या हव्यात, कोपरे सरळ हवेत. जी फोड वाकडी ती बाजूला. बाजूच्या फोडी हौशीराम खात होता आणि पोट डचमळेपर्यंत खात राहिला. लेट्यूसची पानं एकेक करून धुतली, आणि एकेक करून फडक्याने टिपली, तान्ह्या पोराला पुसतात तशी. काबुली चणे रात्रीच भिजवलेले, पहाटे शिजवलेले, त्यांची सालं हाताने काढलेली. मका चुलीवर भाजून दाणे सुटे केलेले. करवंदं कुस्करून, गाळून, त्यात गूळ आणि मिरी. कैरीचे काडीएवढे लांब तुकडे, मोड आलेल्या मुगात. मूग जास्त मोडाचे आले म्हणून तिने पहिले फेकले आणि दुसरे घेतले. दुसरे होते, कारण ते वेगळे भिजवलेले होते.

हौशीराम हे सगळं दारात बसून पाहत होता. वाकणं, उभं राहणं, वाकणं. पाठीचा तो बाक त्याच्या ओळखीचा होता. पण हातात पहार नसल्यामुळे त्याने त्याकडे लक्ष दिलं नाही.

ऊन वर चढलं तशी गाडी आली. पुढून महिपती उतरला. मागून कैलास गराडे, पायांत बूट. त्यांची बायको सविता, डोळ्यांवर काळा चष्मा. मग सत्यम, आणि त्याच्या हाताला धरून नऊवारीतली त्याची आजी झुंबरबाई. हौशीरामने कैलासशी हात मिळवला. लोणी. सत्यमशी मिळवला. महिपती खरं बोलला होता.

झुंबरबाईंनी फळी, विटा, फुलं पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं नातवाला विचारलं, "घर न्हाई का रं यांना?"

सविता मात्र खूश झाली. किती साधं, किती सुंदर, असं म्हणाली. फुलं कशी आपोआप पडलीत बघा, म्हणाली. हौशीरामने मान डोलावली. मग तिने मोबाइल काढला. सगळ्यांनी हात मागे घ्यायचे. बरण्यांचा फोटो, ताटल्यांचा फोटो, सासूच्या सुरकुतलेल्या हातात पुदिन्याचं पान देऊन फोटो. हौशीराम बर्फाकडे बघत होता. कामशेतपासून पायांवर सोसलेला बर्फ त्याच्या डोळ्यांदेखत पाणी होत होता, आणि कैलास चमचा धरून शिक्षा झाल्यासारखा थांबला होता.

कोमलने वाढलं तेव्हा सविता म्हणाली, बरं झालं पोहे नाहीत, हे हलकं असतं. आमच्याकडे तर रात्री सगळे सॅलडच जेवतो. कैलासने होकार भरला. त्या होकारात पुष्कळ रात्री होत्या.

पाहुणे तळेगावहून सकाळी नुसत्या चहावर निघाले होते. ऊन मी म्हणत होतं आणि बरण्या गार होत्या. कैलासने कैरी-मूग घेतले, परत घेतले, मग वाटीच आपल्याकडे ओढली. सत्यमने चण्याची बरणी तळापर्यंत खरवडली. महिपती जुळवणारा माणूस असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या वतीने खात होता. झुंबरबाईंना दात थोडेच होते. त्यांनी कलिंगड खाल्लं, मऊ चणे खाल्ले, करवंदाचं पाणी बोटाने चाटलं आणि ताटली पुढे केली. कोमलने वाढलं. त्यांनी पुन्हा पुढे केली.

खाऊन झालं तशा झुंबरबाईंनी तांब्या उचलला, उजवा हात ताटलीत धरला आणि वरून पाणी सोडलं. बोटं चोळली, पदराला पुसली आणि ढेकर दिला.

बयाबाई जागच्या जागी थांबली. चहा-पोह्यांच्या बशीत कोणी हात धुत नाही. हात धुतात ते जेवणाच्या ताटात.

सविता तेवढ्यात उठली होती. फार छान झालं, कळवतो मग, असं ती म्हणाली. महिपतीने घड्याळ बघितलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं की चला, वडगावची मंडळी वाट बघत असतील.

"वडगावला कुटं?" बयाबाईने विचारलं.

महिपतीने खाली पडलेलं एक फूल उचललं आणि ते फार बारकाईने पाहू लागला. शेवटी कैलासनेच सांगितलं. तिथेही एक मुलगी आहे. नुसतं बघायचं, फक्त चहा. ते स्थळही महिपतीभाऊंनीच आणलंय.

हौशीरामने भावाकडे पाहिलं. घाटात असताना पहार निसटून पायावर आली की तो असा बघायचा.

बयाबाई शांतपणे म्हणाली, "बगा की. शंभर पोरी बगा. पन हितं जेवून तितं चा प्यायला जानार व्हय, पाव्हनं? आत्याबाईंनी ताटात हात धुतला. आमी समद्यांनी बगितला."

रीत गराड्यांनाही माहीत होती. तळेगावला लिफ्ट असली तरी मूळ गाव पवनेकाठचंच. सगळ्यांनी महिपतीकडे पाहिलं, कारण दुसऱ्यांच्या दारात ही रीत तोच छाती काढून सांगायचा. महिपतीने फूल टाकलं आणि चौकशीला बसलेल्या साहेबासारखा घसा साफ केला. भाकरी होती का? नव्हती. भात? नव्हता. पोळी? नव्हती. मग चुलीवरचं काय होतं? बयाबाईने सांगितलं, चणे शिजवले, मका भाजला. महिपती म्हणाला, मका रस्त्यावरही मिळतो, त्याला जेवण म्हणावं तर लोणावळ्याचे सगळे पर्यटक धरणावर जेवून जातात. चण्याचं मात्र त्याला अवघड वाटलं.

सविताने हसून विषय संपवला. "अहो, सॅलड म्हणजे काय जेवण असतं का?"

"न्हाई व्हय?" झुंबरबाईंनी विचारलं.

त्यांनी हे भांडणाच्या सुरात विचारलं नव्हतं. खरोखर माहिती हवी होती असं विचारलं.

"मग रोज रातच्याला बशी म्होरं सरकवून, आई जेवलात का, कशाला इचारतीस गं? मी म्हनते, जेवले. सोसायटीत आल्यापासनं म्हनतीया. खोटं बोलले का मी?"

सविताने काळा चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. सॅलड जेवण असेल तर इथं लग्न ठरलं आणि वडगाव रद्द. जेवण नसेल तर सासू इतकी वर्षं उपाशी झोपली, आणि हे शेजारपाजारच्या नव्हे, व्याह्यांच्या देखत ठरलं.

बायको अडकलेली पाहून कैलास मदतीला धावला. मदतीला धावणाऱ्या नवऱ्याने करायची ती चूक त्याने केली.

"तसं नाही, आई. जेवण म्हणजे कसं, त्याला माणूस राबतो. चूल पेटते, घाम निघतो. हे म्हणजे काय, चिरलं आणि मिसळलं. यात मेहनत कुठंय?" मग आपल्या बाजूने साक्षीदार हवा म्हणून तो हौशीरामकडे वळला. "बरोबर ना, भाऊ? तुम्ही कष्टाची माणसं. तुम्हीच सांगा."

वाक्य हौशीरामचं होतं. शब्दही त्याचेच, क्रमही तोच. पण आज ते लोण्याच्या हाताच्या माणसाने उच्चारलं होतं, आणि लोण्याच्या हाताने कोणी घामाची व्याख्या सांगावी हे हौशीरामला गँगमधल्या पहिल्या दिवसापासून सोसलं नव्हतं. शिवाय हो म्हणावं तर जेवण झालं नाही, आणि घट्टे असलेला पोरगा वडगावला चहा प्यायला चालला.

कोमल चमचा हातात धरून उभी होती. ती पाहुण्यांकडे बघत नव्हती. बापाकडे बघत होती.

"मेहनत कुटं हाय?" हौशीराम म्हणाला. "कामशेतास्नं बरफ आनलाय पायावर. पाय अजून माजं न्हाईत. ही फळी दोन मानसांची हाय, येकट्यानं आनली. त्ये ऱ्हाऊ द्या. पोरगी पाहाटपास्नं वाकल्याली हाय. तुमी त्या चन्याची सालं काडून बगा, पाव्हनं. येकेक. आमी घाटात साहेब आला की निदान पाच मिंटं उबं ऱ्हायचो. ही ऱ्हायली न्हाई. पान पुसलं हिनं, पान. त्ये मोडलं असतं तर तुमाला वाढलं नसतं. आन म्हनं मेहनत कुटं हाय. ह्ये जेवान हाय. मी तर आदीपास्नं म्हनतो."

शेवटच्या वाक्याला बयाबाईने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. हौशीराम डगमगला नाही. बोलता बोलता त्याला ते खरंच आधीपासूनचं वाटू लागलं होतं.

महिपतीने निकाल द्यायला तोंड उघडलं, पण कोमलने चमचा फळीवर ठेवला.

"आबा, राहू दे," ती म्हणाली. मग कैलासकडे वळली. "काका, तुम्ही जेवलात की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. वडगावला पण जा. ताटात हात धुतला म्हणून मला कुणाच्या घरी जायचं नाही. पण मेहनत नाही म्हणालात ना, तेवढं मागं घ्या."

तिचा आवाज चढलेला नव्हता. ऑफिसात कैलासने चढलेले आवाज खूप ऐकले होते आणि सगळे फायलीत घातले होते. हा कुठे घालावा कळेना. त्याने महिपतीकडे पाहिलं. महिपतीने आकाशाकडे.

बोलला तो सत्यम. आल्यापासून त्याने बरणी खरवडण्याखेरीज आवाज केला नव्हता.

"मी जेवलो," तो म्हणाला. "पोट भरून. मला मुलगी पसंत आहे आणि मी काही वडगावला येत नाही." मग कोमलला विचारलं, "तुमचं काय?"

कोमलला हे अपेक्षित नसावं. तिने पदर नसलेल्या खांद्यावर पदर शोधला. मग स्वतःला सावरून जे ठरवून ठेवलं होतं ते सांगून टाकलं. शनिवार-रविवार मी लोणावळ्यात असणार. लग्न झालं तरी. सीझनला सणावारीसुद्धा. चालेल का?

"माझी सुट्टी गुरुवारी असते," सत्यम म्हणाला.

कारखान्याच्या भागात सुट्टी गुरुवारीच. म्हणजे दोघं एकमेकांना आठवड्यातून एक दिवस दिवसाउजेडी बघणार. पण त्याने हे असं सांगितलं की जणू सगळा गुंता सुटला, आणि कोमलच्या चेहऱ्यावरून वाटलं की तिचाही सुटला. तिने मान हलवली.

"आणि रविवारी घरात?" सविताने विचारलं. आवाजात चष्म्याआडची सगळी काळजी होती. रविवारी पाहुणे येतात, रविवारी सगळ्यांना नीट काहीतरी खायला लागतं, ते कोण करणार?

"कैलास करंल," झुंबरबाई म्हणाल्या.

"आई, मी?"

"मंग कोन? चिरायचं आन मिसळायचं. मेहनत कुटं हाय त्यात?"

कैलासने बायकोकडे पाहिलं. तिने या वेळी त्याला सोडवलं नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर विचार दिसू लागला, आणि तो विचार बरा वाटत असल्यासारखा दिसू लागला. कैलासला पुढचे सगळे रविवार दिसले. काकड्या, फडकी, चण्यांची सालं, एकेक.

"मेहनत आहे," तो म्हणाला.

"काय म्हनलास?" झुंबरबाईंना कमी ऐकू येत नव्हतं.

"मेहनत आहे. पुष्कळ आहे. सगळ्यांना जमण्यासारखं काम नाही ते. मी मागं घेतो."

कोमलने रिकाम्या बरण्या टोपलीत भरायला सुरुवात केली. सत्यम उठून तिला बरण्या देऊ लागला. दोन दोन एका हातात धरत होता, काच काचेला न लावता. हौशीरामने ते पाहून घेतलं.

महिपती बांधावर जाऊन फोनवर वडगावला सांगत होता की गाडीचं चाक गेलं, मंडळींना यायला जमत नाही, पण काळजी करू नका, माझ्याकडे अजून एक स्थळ आहे. बयाबाई साखर आणायला घराकडे निघाली होती. तिला झुंबरबाईंनी हाक मारली.

"बयाबाई, ठरलं न्हवं?"

"ठरलं, आत्याबाई."

"मंग आता जेवायला काय हरकत न्हाई. भाकरी टाक."

सविता काहीतरी बोलणार होती. मग तिने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि पिठलं होईल का, असं हळूच विचारलं. बयाबाई म्हणाली, भात तर सकाळीच लावलेला आहे, पिठल्याला कितीसा वेळ. हौशीरामने भीतभीत मुलीकडे पाहिलं. एवढं भांडून जेवण ठरलेलं सॅलड पोटात असताना ही माणसं भाकरी मागत होती, म्हणजे आता ही पुन्हा चमचा खाली ठेवणार.

"ठेचा पण कर, आई," कोमल म्हणाली. "पहाटेपासून माझ्या पोटात काही नाही."

सगळे घराकडे वळले. झुंबरबाई नातवाच्या हाताऐवजी कोमलच्या हाताला धरून निघाल्या, कारण नातवाच्या दोन्ही हातांत बरण्या होत्या. मागे कैलास राहिला होता, बूट फुलांतून सांभाळत.

"पाव्हनं," हौशीरामने हाक मारली. त्याने फळीचं एक टोक उचललं होतं.

कैलासने इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं. तो आला, वाकला, आणि दुसरं टोक दोन बोटांनी कडेला धरलं.

"कडंला न्हाई," हौशीराम म्हणाला. "खालनं धरा. पाठ सरळ. आता उचला."

कैलासने उचललं. फळी हलली, वर आली, आणि दोघे व्याही उन्हातून एका चालीने निघाले. बांध ओलांडताना कैलास धापा टाकत थांबू का म्हणाला. हौशीराम म्हणाला, थांबला की जड होतं. मग त्याने स्वतःच्या बाजूचं टोक थोडं वर घेतलं.

वर घेतलं की वजन खालच्या माणसाकडे जातं, हे कैलासला माहीत नव्हतं.